मेणाचे दात आणि स्वतःची गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४५

आजपासून बस बंद. बावीस वर्षं दांडीला लटकलो, बास झालं. काल गाडी दारात आली. सेकंडहँड आहे, पण पहिल्या मालकाने फारशी बाहेरच काढली नाही म्हणे. कदरदान माणूस असावा.

स्वतःच्या हिमतीवर ज्याने कवळ्यांचा कारखाना उभा केला (खोली एकच, टेबलं दोन, तरी कारखानाच), त्याने लोकांचे दात छातीशी धरून बसच्या रांगेत का उभं राहायचं?

बायकोला म्हटलं, चल, पुढच्या सीटवर बस. म्हणाली, अहो, मला गाडीत मळमळतं, मी आपली बसने येते. गाडी अजून जागची हललीही नव्हती.

निश्चय : साडेआठला निघून पाऊण तासात दातांचा दवाखाना. दहाची ट्रायल, सव्वानऊलाच हजर.

दुपारी २

पोचलो १०.४० ला. दोष पुलाचा. अरुंद बांधलाय.

मेणात बसवलेले दात पेशंटच्या तोंडात घालून बघायचे, चावा जुळला की मगच कवळी पक्की करायची, आणि त्या वेळी दात बसवणारा माणूस खुर्चीशेजारी हवा. हे मी बावीस वर्षं डॉक्टर लोकांना शिकवत आलो. आज डॉक्टरीणबाईंनी ते मला शिकवलं. पेशंटसमोर.

दवाखान्यापासून कारखाना दोन इमारती सोडून. तिथे गेलो तर बायकोने झाडलोट करून, प्लॅस्टर कालवून, दुसरा चहा घेतलेला. म्हणाली, आलात? मला वाटलं, परस्पर घरी गेलात.

४ मार्च, मंगळवार

सलूनवाल्याने शॉर्टकट सांगितला. मागच्या गल्लीने जा साहेब, लोण्यातून सुरी. गेलो. सुरी शाळेच्या तीन बसच्या मागे अडकली. गल्ली शेवटी त्याच सिग्नलला निघाली, फक्त चाळीस गाड्या मागे. १०.२५.

पुलावर डावी लेन आता फक्त बससाठी ठेवलीय. हा शुद्ध अन्याय. टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ता त्यांना. उभा होतो तेवढ्यात आमच्या बायकोची बस शेजारून गेली. खिडकीत ती. झोपलेली. तोंड उघडं. हाक मारायला काच खाली करेपर्यंत बस पुढच्या स्टॉपला.

झोपेत पोचण्यात कसलं आलंय कर्तृत्व? मी प्रत्येक इंच जागेपणी कमावतो.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी

१०.५०. दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, आज पण ट्रॅफिक? तो ‘पण’ झोंबला.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. उद्या दहाला एका निवृत्त हेडमास्तरांची ट्रायल. वय एक्क्याऐंशी. रविवारी त्यांच्या शाळेला पन्नास वर्षं होतायत, मुख्य भाषण त्यांचं. उद्या ट्रायल झाली तरच शनिवारी कवळी तोंडात. उद्या चुकलात तर दवाखान्याचं सगळं काम समोरच्या लॅबला देईन, म्हणाल्या. आमच्या दहांतल्या सात कवळ्या याच दवाखान्याच्या. म्हटलं, बाई, निश्चिंत राहा, आता आपली स्वतःची गाडी आहे. त्या म्हणाल्या, तीच तर काळजी आहे.

घरी बायको म्हणाली, अहो, उद्याच्या दिवस बसने चला. नाहीतर दातांचा डबा तरी माझ्याकडे द्या, थंड पाण्यात घालून नेते नेहमीसारखा. मी म्हटलं, ज्यांच्या खाकरण्याला अख्खी शाळा चळाचळा कापायची, त्यांचे दात बसने न्यायचे? ती म्हणाली, मग हेडमास्तर काय चाळीस वर्षं विमानाने शाळेत जायचे?

मी गाडी पुसायला खाली गेलो. मोठ्या माणसाने सगळ्याला उत्तर देऊ नये.

निश्चय : सातला निघणार. सूर्याला अडवून धरीन, पण वेळेवर पोचेन.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.०५

निघतोय. पाण्याचा डबा घेतला नाही. सांडला तर? सीट कव्हर नवीन आहेत. हेडमास्तरांचे दात मखमलीच्या तुकड्यावर, डॅशबोर्डवर, नजरेसमोर. बायको अजून केस विंचरतेय. बिचारी.

८.२०, पुलावर

ट्रक आडवा झालाय. सगळे उभे. इंजिन तापतंय म्हणून एसी बंद केला. ऊन थेट समोरून. टोपी घातली. डॅशबोर्डला हात टेकवला तर चटका बसला. या गाडीचं प्लास्टिक दणकट आहे. दात मखमलीवर मजेत हसतायत.

९.१५, पुलावरच

बस गेली. या खेपेला ती जागी होती. तिने हात केला. मी आरशात मिशी बघत होतो.

९.५४

पोचलो! दहाला सहा कमी! जिन्यातच लिहून ठेवतोय. बसवाल्यांनो, वाचा.

दुपारी ४

वेळेवर पोचलो होतो. हे कुणीही नाकारलं नाही. पुढचं फक्त नोंद म्हणून.

हेडमास्तर खुर्चीत ताठ बसले होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मखमलीवरून दात उचलले, माझ्याकडे बघितलं आणि हेडमास्तरांच्या तोंडात घातले. मेण उन्हाने सैल पडलं होतं. पुढचे दोन दात सिग्नल तोडून बाहेर आलेले, एक सुळा भलत्याच लेनमध्ये, दाढा एकमेकींच्या बंपरला लागलेल्या. हेडमास्तरांनी आरसा मागितला. बराच वेळ बघितलं. मग दात काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, वर्गाबाहेर उभा राहा.

राहिलो. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा.

डॉक्टरीणबाईंनी कारखान्यात फोन केला. चार मिनिटांत बायको हजर. हातात साचा, मेण, सुरी, स्पिरिटचा दिवा. स्टुलावर बसली आणि दात एकेक करून पुन्हा बसवायला लागली. हेडमास्तर बघत होते. मधेच म्हणाले, हात चांगला आहे, कोणत्या शाळेत होतीस? मी दारातून सूचना देत होतो. म्हटलं, सुळा जरा आत घे. ती मान वर न करता म्हणाली, अहो, खिडकीपासून लांब उभे राहा, तुम्हीपण वितळाल. काउंटरवरची मुलगी फाइलमागे तोंड लपवून हसली.

पन्नास मिनिटांत झालं. चावा जुळला. हेडमास्तर हसले. चौदाच्या चौदा एका रांगेत.

डॉक्टरीणबाईंनी निर्णय सांगितला. काम तुमच्याकडेच राहील, म्हणाल्या. पण यापुढे ट्रायलला तुमच्या मिसेस येतील, बसने. तुम्ही नाही आलात तरी चालेल.

विचार केला तर ही बढतीच. मोठ्या कारखान्यात मालक स्वतः ट्रायलला जातो का?

८ मार्च, शनिवार

पक्की कवळी बायको घेऊन गेली. बसने. मी गाडीतून मागोमाग निघालो होतो, लागलंच काही तर असावं म्हणून. काही लागलं नाही. मी पूल उतरलो तेव्हा हेडमास्तर कवळी घालून घरीही गेले होते.

९ मार्च, रविवार

हेडमास्तरांनी बायकोला समारंभाचं आमंत्रण दिलं होतं. सहकुटुंब. म्हटलं, आज तरी गाडी. म्हणाली, शाळा स्टॉपसमोरच आहे, मी होते पुढे.

पार्किंग मिळालं नाही. शाळेला अकरा चकरा मारल्या. दर चकरेला लाउडस्पीकरवरून भाषणाचं एकेक वाक्य कानावर आलं. सगळे श, ष, स जागच्या जागी. सलग ऐकण्यापेक्षा असं ऐकलं की सार चांगलं कळतं. शेवटी टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या एका चकरेपेक्षा जास्त होत्या.

बायको घरी आल्यावर म्हणाली, त्यांनी स्टेजवरून माझं नाव घेतलं हो. म्हटलं, वाटलंच मला. वाटलं नव्हतं.

१० मार्च, सोमवार

आज घाई नाही. सावकाश निघालो. शॉर्टकट नाही, हॉर्न नाही, घड्याळ बघणं नाही. पुलावर पाऊण तास उभा राहिलो ते स्वतःच्या मर्जीने.

कारखान्यात पोचलो ११.२०. बायकोच्या दोन ट्रायल आटोपलेल्या. टेबलावर नवीन सहा साचे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर तिच्या अक्षरात पेशंटचं नाव. उशीर का झाला, असं कुणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन नाही, काउंटरवरच्या मुलीचाही नाही. बसवाल्यांना हे सुख कुठलं? याला म्हणतात स्वतःची गाडी.

फोन बिघडलाय की काय म्हणून बायकोला मिस कॉल द्यायला सांगितला.

वाजला.