धोंड्याच्या जेवणात सांडलेलं तूप

नगर

आईस मंदाचा नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून लिहिते. धोंड्याच्या जेवणात यांच्या हातून तुपाची वाटी सांडली, अन् तू गल्लीभर सांगितलंस, जावई पिऊन आला. ते प्यालेले नव्हते. इथं डॉक्टर म्हणाले, डोक्यात मागं लहान मेंदू असतो, त्याला इजा झालीय. हातात ताकद हाय, पण पेला घ्यायला गेलं की हात थरथरतो अन् पेल्याच्या पुढंच जातो. आता टेबलावरून हात सरकवत नेतात, मग धरता येतो. जिवाला धोका न्हाई. तुझे गुडघे कसे हायेत?

हाताचं त्यांना एवढं न्हाई, तुझं बोलणं लागलंय. परत तुझ्या दारात यायचं न्हाई म्हणतात.

हे पत्र ज्योतीवहिनीकडून ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून घे. गल्लीला ऐकू जाऊ दे.

तुझीच,
मंदा