साराआजीचा कंदील

३ जून
पोचलो एकदाचा. वाळवंटातल्या राखीव रानाच्या दक्षिण फाटकापाशी दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पाण्याचं पिंप, दारात एक बाभूळ. बस्स, राजा झालो मी. गावात सगळे हसले होते, की एफ्राइम कूपर आता अंधाराची राखण करणार. हसा लेको! इथे येऊन एकदा वर बघा, मान दुखेल पण खाली यायची नाही.
काम सोपं आहे. तारे नीट दिसावेत म्हणून रानात उघडा दिवा दिसता कामा नये. टॉर्च लाल काचेची, तीही जमिनीकडे धरायची. कुणाच्या तोंडावर उजेड मारणं म्हणजे इथे थोबाडीत मारल्यासारखंच. वीस तारखेला तपासणीस येणार. एक दिवा दिसला तर काळोखाचं रान म्हणून मिळालेला मान जाईल आणि माझी नोकरीही. त्याच दिवशी माझी बायको तबिता येतेय. सातवा महिना आहे तिला. ही नोकरी गेली तर बाळाला घेऊन जायचं कुठे?

९ जून
रानातच राहणाऱ्या साराआजीच्या फाटकावर उघडा कंदील जळतो. तिचा मुलगा योनास अकरा वर्षांपूर्वी शेळ्या शोधायला वाळूत गेला तो गेलाच. आजीने चहा पाजला आणि वर झापलं. म्हणे, कालच्या पोरा, तू मला अंधार शिकवतोस? हा दिवा आहे म्हणून तो सरळ इथे येतो नि परत जातो. नाहीतर कुणाच्याही दारी जाईल.
म्हातारीचं काय मनावर घ्यायचं. मीच फुंकर मारली. वाईट वाटलं, पण मारली.

१३ जून
आजी खुशीत. म्हणे योनास रात्री घरात आला, पाणी मागितलं, अख्खं पिंप रिकामं केलं. आपल्याकडे दारी आलेल्याला नाव न विचारता पाणी द्यायचं असतं, तसं दिलं. अंधारातच तिने त्याचा चेहरा चाचपला. आता कंदील नको म्हणाली. मला हायसं वाटलं.

१५ जून
आजीचं दार सताड उघडं. घर रिकामं. वाळूत पावलांच्या दोन ओळी, टेकडीकडे गेलेल्या. योनास आला असेल तर घरात येणारीही एक ओळ हवी होती. ती नव्हतीच.
उत्तर फाटकावरचे हेंड्रिककाका वायरलेसवर मला वाट्टेल ते बोलले. म्हणे हरवलेली माणसं दिव्याच्या दारी येतात, दिवा नसला तर जिथे कुणी कुणाची वाट बघत असेल तिथे. आणि येतात त्याच माणसाचा आवाज घेऊन. गाढवा, तू विझवलास, तूच लाव.
तपासणीस गेले की लावतो म्हटलं. पाच दिवसांनी काय बिघडतंय.

१८ जून
रात्री दार वाजलं. कोण म्हणून विचारलं तर गप्प. भीती वाटते. तबिताला येऊ नको म्हणून कळवलं असतं, पण ती निघालीये.

२० जून, रात्र
तपासणीस टेकडीवर तंबू ठोकून आहेत. तबिता आली. दारातच पाणी मागितलं. जीव भांड्यात पडला माझा. दमलीये, पलंगावर आडवी झाली. मेणबत्ती लावतो म्हटलं तर नको म्हणाली, ते बघतील, तुझी नोकरी जाईल. किती काळजी करते.

थोड्या वेळाने
पिंप अर्धं झालं. अजून मागतेय—

हेंड्रिककाका वायरलेसवर. म्हणे माझी लॉरी पंक्चर झाली होती, तबिताला आत्ता तुझ्या वळणावर सोडली, चालत येतेय. बोलत का नाहीस रे, विचारत होते.

लाल टॉर्च वहीवर आहे. उचलून पलंगाकडे वळवायची. एवढंच. हात उचलवत नाही.

दार वाजतंय. एफ्राइम, उघड, पोट दुखतंय, म्हणतेय. तिचाच आवाज. पलंगावरूनही तिचाच, उघडू नको म्हणतेय—
पलंगावरचीने डावं मनगट धरलंय माझं. थंड. हाक मारावी तर घशातून—

बाहेर कुणीतरी तिला ओ दिली. आलो गं, म्हणाला. माझ्या आवाजात.
बाहेर तबिता हसली. बरं झालं आलास, म्हणाली. पावलं टेकडीकडे. दोघांची.
तबिता, तो मी नाही—