सरोजिनीच्या शाळिग्रामाची व्यवस्था

मी, त्र्यंबक वामन कुरुंदवाडकर, वय ६३, निवृत्त अध्यापक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही आग्रहावाचून व काहींच्या आग्रहाविरुद्ध, माझी अखेरची इच्छा स्वहस्ते लिहून ठेवीत आहे.

१. घर भाड्याचे आहे. त्यावरून भांडण्याची सोय आप्तांसाठी ठेवू शकलो नाही, क्षमस्व. पुस्तके पेठेतील वाचनालयास द्यावीत.

२. देवघरात शाळिग्राम आहे. गंडकी नदीतला हा काळा गोटा विष्णू म्हणून पूजतात. माझी पत्नी कै. सरोजिनी हिने एकतीस वर्षे त्यास रोज स्नान घालून तुळस वाहिली. मी विज्ञानाचा पदवीधर. हा कोण्या प्राचीन जलचराचा अवशेष आहे, असे तिला वारंवार समजावले. ती म्हणे, "असू दे की. तो बोलत नाही, तसे तुम्ही तरी कुठं बोलता? तुम्हांलाही वेळेवर वाढतेच ना!"

३. माझे धाकटे बंधू यज्ञेश्वर, राहणार जयसिंगपूर, स्वतःस धर्मशास्त्राचे जाणकार समजतात. सरोजिनीच्या तेराव्याला त्यांनी मला न विचारता शाळिग्राम गोमूत्रात बुडविला. "दादा, वहिनींचा हात लागलेला. बायकांना अधिकार नाही. शुद्ध करून मी घरी नेतो." मी तो त्यांच्या हातून काढून घेतला. शाळिग्राम स्वयंभू असतो, त्यास प्राणप्रतिष्ठा लागत नाही, भंगला तरी तो पूज्यच राहतो, एवढेही या जाणकारांस ठाऊक नसावे! भंगूनही जो बाटत नाही, तो म्हणे माझ्या पत्नीच्या हाताने बाटला.

सबब शाळिग्राम यज्ञेश्वर यांस कदापि देऊ नये. गोमूत्राची उरलेली बाटली मोरीतील फळीवर आहे. ती त्यांस द्यावी व पोच घ्यावी.

४. शाळिग्राम, ताम्हनासह, कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या श्रीमती झुंबरबाई यांस द्यावा. बावीस वर्षे तुळस त्यांनीच आणून दिली. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, मी इधवा बाई. मला मंतर बी येत न्हाईत."

"मंत्र येणारे जयसिंगपुरास आहेत. त्यांचे शहाणपण पाहिले," मी म्हणालो.

"मग आंगूळ घालताना म्हनू काय?"

त्याचे उत्तर येथे नोंदवितो. मंत्राची अट नाही. स्नान घालताना त्याच्याशी बोलावे. सरोजिनी बोलत असे: भाजी कसली केली, मी कशावरून रुसलो आहे. गेले तीन महिने स्नान मी घालतो. मला बोलणे जमलेले नाही.

स्थळ: कोल्हापूर
दि. ११ नोव्हेंबर १९७४

(सही) त्र्यंबक वामन कुरुंदवाडकर

त्यांनी आमच्यादेखत सही केली, म्हणून साक्षीस आम्ही:
१. हंबीरराव ज्ञानू चौगुले
२. यशवंत आप्पाजी देशिंगकर