हाक मारू नये

१० जुलै, गुरुवार. गारखेडा.
निर्णय झाला. या घरात कथा होणं शक्य नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी पाच पानं राखून ठेवलीत, मुदत ३१ जुलै. मागच्या तीन मुदती हुकल्या त्या घरातल्या आवाजामुळे. ‘लेखन चालू आहे. हाक मारू नये’ अशी पाटी लॅमिनेट करून खोलीच्या दाराला लावली, तरी उपयोग नाही. बायको, मीनाक्षी, ती काटेकोर पाळते. पण चहासाठी मलाच तिला हाक मारावी लागते आणि लय तुटते.

माझा मित्र सोमनाथ याच्या देवगाव रंगारीच्या शेतातली खोली रिकामीच आहे. तिथं जातो. बँकेतून रिटायर झाल्याचा हाच तर फायदा. मीनाक्षीचा चेहरा पडेल वाटलं होतं. बिचारीनं धीर दाखवला. पंधरा मिनिटांत बॅग भरून दिली.

११ जुलै. देवगाव.
एकांत. टेबल खिडकीशी लावलं. समोर म्हैस. टेबल भिंतीकडे फिरवलं. भिंतीकडे बघून काही सुचत नाही. परत खिडकी. तिन्ही पेनांत शाई भरली. भरपूर काम झालं.

१३ जुलै, रविवार.
मीनाक्षीला फोन केला. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून तिनं दीड मिनिटात ठेवला. तेवढ्यात कथा किती शब्दांची लागते ते विचारलं. केवढी काळजी. अडीच हजार, म्हटलं.

मी हातानं लिहितो. टाइप करून संपादकांना मेल करणं तिच्याकडे. यांत्रिक काम, पण मन लावून करते. माझ्या छापून आलेल्या दोन्ही कथांचे शेवट तिनं परस्पर बदलले होते. चालवून घेतलं.

१७ जुलै.
पहिलं वाक्य झालं. ‘ती खिडकीत उभी होती.’ उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१८ जुलै, सकाळी ९.४०.
उठलो.

२१ जुलै.
शेजारच्या शेतावरच्या द्वारकाबाई जेवण आणून देतात. मी दिवसभर बसलेला बघून त्यांना वाटतं मला कणकण आहे. आज त्यांना वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मंग? मी म्हटलं, तेच शोधतोय. त्या म्हणाल्या, तुमाला येऊन धा दिस झाले की, बाई अजून उभीच हाय व्हय? बसवा तिला, पाय दुखत असतील.
ग्रामीण वाचकाला प्रतीकं कळत नाहीत.

२२ जुलै.
‘ती खिडकीत बसली होती.’ हेच बरं वाटतं.

२४ जुलै.
करमत नाही. रविवारी येऊन जातो म्हणालो. मीनाक्षी म्हणाली, अहो, आता लय लागलीय, मोडू नका, एकतीसलाच या. डोळ्यांत पाणी आलं. मागे कीबोर्डचा आवाज येत होता. लाईट बिल भरत असावी.

२९ जुलै.
मुदत वाढवून घ्यायला संपादकांना फोन लावला. खुशीत होते. म्हणाले, तुमच्या घरून कथा आली, पाचही पानं भरली, फार हसलो. मीनाक्षीनं माझीच एखादी अर्धवट कथा पुरी करून पाठवली असणार. शेवट तर ती बदलतेच. उद्या घरी.

३० जुलै. गारखेडा.
कथा माझी नाही. नावही माझं नाही. पहिलं वाक्य: ‘नवरा एकांत शोधायला गावाला गेला आणि जाताना सगळा एकांत घरीच विसरून गेला.’
त्यातला नवरा सतरा वेळा चहा मागतो. अतिशयोक्ती आहे. त्याचं टेबलही खिडकी आणि भिंत यांच्यात फिरतं. हे मीच तिला फोनवर सांगितलं होतं.
वाईट वाटलं. कथा चांगली आहे, याचं जास्त वाईट वाटलं. दोनदा वाचली. शेवट बदलावा असं कुठं काही सापडलं नाही.

३१ जुलै, दुपारी ४.
मीनाक्षी माझ्या खोलीत दुसरी कथा लिहितेय. दार लावलेलं. मी चहा करायला गेलो. पातेलं सापडलं, पावडर सापडली. साखर कुठं असते ते विचारायला दारापर्यंत गेलो. पाटी वाचली. लॅमिनेशन अजून चांगलं आहे.
परत आलो. बिनसाखरेचा प्यालो. साखर सोडायचं तसं माझ्या मनात बरेच दिवस होतंच.