चारही दिवे

प्रिय ठमे,

दर रविवारी तुझा फोन येतो आणि ‘सगळं ठीक’ एवढं सांगून ठेवलाही जातो. तुझे बाबा म्हणतात, पोरगी कामात असेल. पण तू निघालीस तेव्हा मी अट घातली होती, रस्त्यात एकदा जरी काही झालं तरी पार्सलांची नोकरी सोडायची आणि गाडी घेऊन घरी यायचं. त्या अटीला भिऊन तू तोलूनमापून बोलतेस, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे.

दुकान बरं चाललंय. वायरिंगच्या कामात सध्या मोटरसायकलला हॅझर्डचं बटण बसवून घेणारे फार. एक बटण दाबलं की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात. बटण पटकन बसतं, ते कशासाठी असतं हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसवताना मात्र माझ्या नाकी नऊ येतात. तुझ्या बाबांचंच बघ ना. चौकात सरळ जायचं असलं की ते चारही दिवे लावतात. डावा लावला तर डावीकडे, उजवा लावला तर उजवीकडे, मग दोन्ही लावले की मधून, असा त्यांचा हिशेब. परवा तसेच निघाले आणि ऐनवेळी बेकरीकडे वळले. मागच्या सायकलवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी येऊन मलाच म्हणतात, तुझं वायरिंग बिघडलंय.

चारही लागले की वळायचा इशारा कुणाला कळत नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं. ते दिवे असतात बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीसाठी. मोटारीला निदान आकार तरी असतो. मोटरसायकल धुक्यात उभी असली, की मागच्याला ती अंगावर येईपर्यंत दिसत नाही. हे मी तुला का सांगते आहे, तुला तर ते माझ्याइतकंच माहीत आहे.

मंगळवारी मिशाळकाका हेडलाइट दुरुस्त करायला ट्रक घेऊन आले होते. सांगत होते, गेल्या आठवड्यात सकाळी पुलावर इतकं धुकं होतं की स्वतःचा हात दिसेना. अचानक पुढे दोन पिवळे दिवे एकदम लुकलुकताना दिसले, म्हणून त्यांनी करकचून ब्रेक दाबला. बघतात तर बंद पडलेली मोटरसायकल, आणि लांब कठड्याला लागून उभी असलेली एक मुलगी. “ते दिवे नसते तर मी गाडी चढवलीच होती,” म्हणाले. मोटरसायकलच्या मागच्या दिव्याला निळी टेप गुंडाळलेली होती, ती त्यांच्या लक्षात राहिली. ठमे, ती टेप मी गुंडाळली आहे. मी आत जाऊन रडले, मग बाहेर येऊन त्यांचा हेडलाइट जोडून दिला. त्यांना दोनदा चहा पाजला, का ते त्यांना कळलं नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. माझी अट मी मागे घेते. नोकरी कर, गाडी चालव. फक्त पुन्हा कधी बंद पडलीस तर आधी चारही दिवे लाव, लांब उभी राहा आणि मग मला फोन कर. रागावणार नाही असं वचन देत नाही, पण रागावत रागावत का होईना, लगेच निघेन.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच आई