एकाच खणातल्या दोन कुप्या

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक माणूस जाता जाता राहिला. आमच्या अतिदक्षता विभागात बेड चारवर एक शिंपीकाका आहेत. त्यांचं औषध कालवताना मी पाण्याऐवजी पोटॅशियमची कुपी फोडली. दोन्ही दिसायला सारख्या, एकाच खणात शेजारीशेजारी. त्यात तिघांनी मला मध्येच हाका मारल्या होत्या. थोडं औषध आत गेलं आणि पडद्यावर ठोके बिघडले. मी हात थांबवला, डॉक्टरांना बोलावलं आणि काय केलं ते तिथेच सांगून टाकलं. काका वाचले.

मैत्रिणी म्हणतात, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलंही नसतं. मोठ्या सिस्टर तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. राजीनामा लिहून ठेवलाय. तू तीस वर्षं हेच काम केलंस, म्हणून तुला विचारते.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी छोटी

१० मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

आधी पोटभर जेव. उपाशीपोटी तुझं डोकं चालत नाही, हे तू पाच वर्षांची असल्यापासून मला ठाऊक आहे.

आता ऐक. माझ्याही हातून अशीच चूक झाली होती. माझा पेशंट बचावला आणि मी अवाक्षर काढलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच कपाटापाशी दुसरीच्या हातून तेच घडलं. तिचा पेशंट गेला, आणि ती नोकरी सोडून गेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तू बोललीस. आता बाकीच्या नर्सनाही बोलतं कर. नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांग. बघ काय काय बाहेर येतं ते.

जीव लागून राहिलाय, लवकर कळव.
मावशी

२८ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि राजीनामा फाडला. मग औषधांच्या कपाटाशेजारी एक खोका ठेवला. आम्ही बावीस जणी. चिठ्ठ्या निघाल्या एकोणीस. त्यातल्या अकरा त्याच दोन कुप्यांच्या. कुणी लिहिलं, औषध भरता भरता फोन घ्यावा लागतो. कुणी लिहिलं, डॉक्टरांचं अक्षर लावायला ज्योतिषी हवा. एकीने लिहिलं, चुकीपेक्षा ती सांगायचीच धास्ती जास्त.

सगळ्या डॉक्टरांसमोर आणि नर्ससमोर त्या मी एकेक करून वाचल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, नर्सनी जरा लक्ष दिलं की झालं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर उठल्या. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्या म्हणाल्या, सातवी चिठ्ठी माझी आहे, आणि त्या दिवशी माझं पूर्ण लक्ष होतं. मग मागून एक उठली, तिच्यामागून दुसरी. बसलेल्या फार थोड्या उरल्या.

पोटॅशियम आता वेगळ्या कपाटात गेलंय, आणि दोघींनी नाव वाचल्याशिवाय कुपी फुटत नाही. दोन महिन्यांत एकदाही गल्लत नाही. औषध भरणारीला कुणी हाक मारायची नाही, असा नियमही झालाय. काल मोठे डॉक्टर मला काही विचारायला आले. मी मान वर न करता नुसता हात दाखवला. माझं होईपर्यंत ते मुकाट उभे राहिले.

प्रकृतीला जप, आणि असंच खडसावत राहा.
तुझी छोटी