आजोबांच्या गळाला लागलेला मासा

शिगेरू काकांना तेप्पेईचा कमरेत वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय, दवाखान्याच्या पायरीवर कागद ठेवून लिहितोय.) तुमची बोट कुठल्या समुद्रात आहे ते कंपनीच्या बाईलाही धड माहीत नाही, पण पत्र पुढच्या बंदरात पोचेल म्हणाली. तब्येत कशी? गुडघा? इकडे मुरोतोत सगळे मजेत. म्हणजे दवाखान्यातले आजोबा सोडून. तुम्ही बापलेक तीन वर्षं बोलत नाही, म्हणून मी सांगतो.

साखरेनं पायांपाठोपाठ त्यांच्या हाताची बोटंही बधिर झाली. चहाचा कप निसटला तरी कळत नाही. मी त्यांना माझा हातातला गेम दिला होता, मासेमारीचा. मासा लागला की गेम हातात थरथरतो, तेव्हा बटण दाबायचं. चाळीस वर्षं ट्यूना ओढलेला माणूस, आणि एक मासा मिळेना! थरथर कळतच नव्हती. गेम उशीवर टाकून भिंतीकडे तोंड केलं. "समुद्रात काय उरलं नाय आता." दोन दिवस जेवले नाहीत.

मग मी गेम उघडला. आत वाटाण्याएवढी मोटर, तिला एका अंगाला वजन, ते फिरलं की गेम हलतो. वाटाण्यानं काय होणार? आजीचं खांदे रगडायचं यंत्र फोडून त्यातली मोटर बसवली. (आजीला सांगू नका, ती दुकानदाराला शिव्या घालतेय.) झाकण बसेना, काळ्या चिकटपट्टीनं आवळलं.

बुधवारी जेवणाच्या वेळी आजोबांचे हात पलंगावरच्या टेबलावर ठेवले, हातात गेम दिला, गळ टाकला. मासा लागला. काका, काय लागला! टेबलाला चाकं, ते चालायलाच लागलं. शेजारच्या ओकाबायाशींची कवळी पेल्यात कडकडली. ते बोंबलले, "भूकंप! दार उघडा आधी, अडकेल!" आपल्या गावात पुढचं कुणाला सांगावं लागतं का? समुद्र येणार, वर पळा. पाच म्हातारे सलाइनच्या काठ्या धरून जिन्यानं गच्चीकडे, महिनाभर पलंग न सोडलेले निशिमोरी सगळ्यांच्या पुढे! हमागुची नर्स डोक्यावर उशी धरून मागे. भूकंपाचा इशारा द्यायला सगळ्यांचे मोबाइल बोंबलतात, ते गप्प कसे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी जमिनीवर लोळून हसत होतो. मग वर बघितलं. खोलीत एकटे आजोबा. हातात गेम नुसता उड्या मारतोय, आणि ते मलाच विचारतायत, "तेप्प्या, लागला काय रे?"

"लागला आजोबा. मोठाय," म्हटलं आणि बटण मीच दाबलं.

तेव्हापासून मला दवाखान्यात बंदी. बाकी ठीक. डेकवरून पडू नका.

तुमचा,
तेप्पेई

ता.क. तिकडे याहून दणकट मोटर मिळाली तर आणा.

ता.क. दुसरा : मोटर राहू दे. आत्ता हमागुची बाईंनी मागच्या दारानं आत घेतलं. आजोबांनी गेम जबड्याला टेकवलाय, तिथं कळतं! एक मासा ओढून म्हणाले, "खरा असा ओढत नाय. शिगेरूला विचार, त्याला माहितीय." डॉक्टर म्हणतात, वीस तारखेच्या आत उजवा पाय काढायचा, नाहीतर नुसत्या पायावर भागणार नाही. आजोबा म्हणतात, कागदावर पोराच्या सहीचा शिक्का उमटल्याशिवाय पाय देणार नाही. मी तुमचा शिक्का मुळ्यात कोरून मारला होता. त्यांनी कागद हुंगला आणि मुळा ओळखला.

तुम्हीच या.